पायाला लागलेलं डांबर

गेल्या वर्षी कामासाठी तीन महिने कॅलिफोर्नियात होतो. एका शनिवारी आम्ही चौघांनी गाडी काढली आणि सांता बार्बराला गेलो. लॉस एंजेलिसच्या वायव्येला, साधारण दीडशे किलोमीटरवर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, लाल कौलांची पांढरी घरं. फोटोत दिसतं अगदी तसंच गाव. मनसोक्त अनवाणी चाललो आणि परत गाडीकडे येताना पाहिलं, तर तळपायाला काळे चिकट ठिपके! पाण्याने जाईनात, साबणाने जाईनात. शेवटी बाजूला बसलेल्या एका आजीबाईंनी हसत हसत बेबी ऑइलची बाटली पुढे केली. म्हणाल्या, इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरात ही असतेच.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद रंगला. एक मित्र म्हणाला, "अरे, इथे पूर्वी मोठी तेलगळती झाली होती ना, तेच डांबर असणार." दुसरा म्हणाला, "छे! इथे समुद्राच्या तळातून तेल आपोआपच झिरपतं, हजारो वर्षांपासून. उगाच तेल कंपन्यांच्या नावाने खडे फोडू नका."

दोघांनाही अर्धंच माहीत होतं, आणि मला तर तेवढंही नव्हतं. म्हणून नंतरचे दोन-तीन वीकेंड वाचत बसलो. जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय. कारण त्या गळतीचा धागा शोधता शोधता मी थेट रत्नागिरी जिल्ह्यात येऊन पोचलो. कसा, ते शेवटी सांगतो.

आधी झिरपणाऱ्या तेलाचं. दुसऱ्या मित्राचं म्हणणं खोटं नाही. सांता बार्बराच्या पश्चिमेला कोल ऑइल पॉइंट नावाची जागा आहे. तिथे समुद्राच्या तळातल्या भेगांमधून रोज अंदाजे शंभर ते दीडशे बॅरल तेल आपणहून बाहेर येतं. इथले मूळ रहिवासी चुमाश लोक हेच डांबर आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांध्यांत भरायचे. आणि जिथे तेल झिरपतं तिथे ते खणून काढायला माणूस येणारच. १८९० च्या दशकात शेजारच्या समरलँड गावी लोकांनी किनाऱ्यापासून समुद्रात लाकडी धक्के बांधले आणि त्यावर उभं राहून विहिरी खणल्या. समुद्रातून तेल काढण्याचे जगातले अगदी सुरुवातीचे प्रयोग म्हणून त्यांचं नाव घेतात.

म्हणजे या गावाला तेल नवीन नव्हतं. किंबहुना म्हणूनच गाव सावध होतं. किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंतचा समुद्र राज्य सरकारचा, आणि त्यातला सांता बार्बरासमोरचा सोळा मैलांचा पट्टा राज्याने १९५५ साली राखीव करून टाकला होता. तिथे खणायचं नाही. पण तीन मैलांच्या पलीकडचा समुद्र वॉशिंग्टनचा! तिथे गावाचं काय चालणार?

१९६८ साल. व्हिएतनामचं युद्ध जोरात, लिंडन जॉन्सन यांच्या सरकारला पैशांची चणचण. फेब्रुवारीत सांता बार्बरा खाडीतल्या समुद्राचे ७१ तुकडे लिलावात गेले आणि तेल कंपन्यांनी त्यासाठी तब्बल ६० कोटी डॉलर मोजले. गावाने आणि काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एककाने, आक्षेप घेतले होते, थांबा म्हणून विनवलं होतं. त्यांच्या पदरात काय पडलं, तर राज्याच्या राखीव पट्ट्याला लागून आणखी दोन मैलांचा एक छोटा राखीव तुकडा. त्या वेळचे गृहमंत्री स्ट्युअर्ट युडाल (अमेरिकेत या खात्याकडे पोलीस नसतात, तर जमीन, जंगलं आणि खनिजं असतात) हे खरं तर निसर्गप्रेमी म्हणून नावाजलेले. पुढे त्यांनीच या निर्णयाला आपल्या कारकिर्दीतलं 'बे ऑफ पिग्स' म्हटलं. केनेडींची क्यूबामधली फसलेली मोहीम, तसा आपला हा फसलेला निर्णय. मोठ्या मनाचा माणूस म्हणायचा, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता मुख्य घटना. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी इथे जरा लक्ष देऊन वाचावं, कारण पुढचा भाग एखाद्या रूट कॉज अ‍ॅनालिसिससारखा आहे.

युनियन ऑइल कंपनीने (तीन मोठ्या भागीदारांसह) आपल्या तुकड्यावर 'प्लॅटफॉर्म ए' उभा केला. किनाऱ्यापासून सुमारे सहा मैल, पाणी साधारण १९० फूट खोल. २८ जानेवारी १९६९ च्या सकाळी तिथे ए-२१ नावाची विहीर खणून साडेतीन हजार फुटांच्या आसपास पोचली होती.

विहीर खणताना दोन गोष्टी तेलाला काबूत ठेवतात. एक म्हणजे भोकात सतत सोडलेला जड चिखल. त्याच्या वजनाने खालचा दाब दबून राहतो. दुसरी म्हणजे केसिंग, अर्थात विहिरीच्या वरच्या भागात बसवून सिमेंटने पक्कं केलेलं लोखंडी नळकांडं. समुद्राचा तळ वरच्या थरांत भुसभुशीत असतो. खालून दाब आला तर तो त्या मऊ थरांत घुसू नये, सरळ नळीतूनच वर यावा, म्हणजे वर झडप बंद करून त्याला अडवता येतं. हे त्या नळकांड्याचं काम.

नियम असा होता की पहिलं नळकांडं समुद्रतळाखाली किमान ३०० फूट हवं, आणि त्याच्या आत दुसरं, साधारण ८७० फुटांपर्यंत. ए-२१ मध्ये पहिलं नळकांडं २४० फुटांपेक्षाही कमी होतं. दुसरं नव्हतंच.

ही काही चोरी नव्हती बरं का. कंपनीने रीतसर अर्ज केला होता आणि यूएस जिऑलॉजिकल सर्व्हे या सरकारी संस्थेने रीतसर सूट दिली होती. कागदावर सगळं बरोबर. हे वाचून मी खुर्चीत जरा सरसावून बसलो. कारण असा एक ईमेल मीही कधीतरी पाठवलाय. रिलीजची तारीख डोक्यावर, एक टेस्ट सायकल राहिलेली, 'या वेळेपुरती सूट मिळावी' अशी विनंती, आणि वरून आलेलं एका शब्दाचं उत्तर: 'अप्रूव्ह्ड'. आमच्या बाबतीत एका रविवारी रात्रभर जागून निभावलं, आणि सोमवारी कोणाला काही कळलंही नाही. इथे निभावलं नाही.

कामगार भोकातून ड्रिलचे पाइप वर ओढत होते. तेवढ्यात दाबाने चिखल उसळून वर आला, पाठोपाठ गॅस. प्लॅटफॉर्मवर धुकं पसरल्यासारखं झालं. त्यांनी उरलेले पाइप सरळ भोकात सोडून दिले आणि तोंडाशी असलेली जाडजूड झडप बंद केली. पंधरा मिनिटांच्या आत विहिरीचं तोंड बंद! कामगारांनी आपलं काम चोख केलं होतं. पण खालचा दाब जाणार कुठे? नळकांडं आखूड, आजूबाजूचा दगड मऊ. तेल आणि गॅस बाजूने फुटले आणि समुद्राच्या तळातल्या भेगांमधून पाच-एक ठिकाणी वर येऊ लागले. तोंड बंद केलेल्या विहिरीच्या शेजारी समुद्र उकळायला लागला. झडप एक, भेगा अनेक. भेगेला कुठली झडप लावणार?

स्थानिक वर्तमानपत्र न्यूज-प्रेसचे बातमीदार बॉब सोलन यांना एक निनावी फोन आला, तेव्हा कुठे गावाला कुणकुण लागली. मग कंपनी सांगत राहिली की थोडंसंच आहे, आटोक्यात येतंय. गळतीला जरा आळा बसायला अकरा दिवस लागले, तेही चिखल आणि सिमेंट ओतून ओतून. त्यानंतरही महिनोन् महिने थोडं थोडं तेल येतच राहिलं. पहिल्या दहा-अकरा दिवसांत ८० हजार ते १ लाख बॅरल गेलं असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे सव्वा ते दीड कोटी लिटर.

आता गाडीतल्या त्या वादाकडे या. 'तेल तर निसर्गतःच झिरपतं' हा युक्तिवाद तेव्हाही झाला होता आणि आजही होतो. साधा हिशोब करा. नैसर्गिक झिरपणं दिवसाला दीडशे बॅरल धरलं, तरी अकरा दिवसांत ते साडेसोळाशे बॅरल होतं. इथे त्याच अकरा दिवसांत त्याच्या पन्नास-साठ पट. नळ ठिबकतो म्हणून कोणी घरात पूर आला तर 'पाणी तर नेहमीच येतं' असं म्हणत नाही. त्यामुळे माझ्या पायाला लागलेलं डांबर बहुधा निसर्गाचंच होतं. पण १९६९ साली या किनाऱ्यावर जे आलं ते निसर्गाचं नव्हतं.

सुरुवातीचे काही दिवस वाऱ्याने तेल बाहेरच रोखून धरलं. मग वारा फिरला, वादळ आलं आणि बंदराच्या तोंडाशी टाकलेले तरंगते बंधारे झुगारून तेल आत शिरलं. किनारे काळे झाले. लाटांचा आवाज येईनासा झाला, असं त्या वेळच्या लोकांनी सांगून ठेवलंय. जाड तेलाच्या थराखाली लाट फुटतच नव्हती, नुसती हेलकावायची. समुद्राकाठी वाढलेल्या कोणालाही विचारा, लाटेचा आवाज नसलेला किनारा म्हणजे काय ते.

सफाईचं तंत्रज्ञान काय होतं माहितीये? पेंढा! ज्या देशाने पाच-सहा महिन्यांनी चंद्रावर माणूस उतरवला, त्या देशात माणसं किनाऱ्यावर गवताचा पेंढा पसरून, त्यात तेल मुरलं की पिचफोर्कने उचलून ट्रकमध्ये भरत होती. पक्ष्यांची तर दैना. तेलाने पंख चिकटले की ऊब जाते, पोहता येत नाही, आणि चोचीने पंख साफ करायला गेलं की तेल पोटात. गावातली शाळकरी पोरं आणि म्हातारी माणसं तासन् तास त्यांना धूत बसायची. धुतलेले बहुतेक पक्षी दगावले. मोजलेले मृत पक्षीच साडेतीन हजारांच्या वर गेले. न मोजलेले वेगळे.

आणि हे सगळं टीव्हीवर दिसत होतं. माझ्या मते इथूनच ही गोष्ट वेगळं वळण घेते. दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९६७ मध्ये, इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज खडकावर आपटलं होतं. त्यातून सांता बार्बराच्या कितीतरी पट तेल गेलं. शेवटी विमानांनी त्यावर बाँब टाकले. तेही गाजलं, पण ते जहाज होतं, तो अपघात होता. इथे मात्र गावासमोर एक वस्तू कायमची उभी होती, रोज सकाळी खिडकीतून दिसणारी. कोणी उभी केली, कोणी परवानगी दिली, कोणी सूट दिली, सगळं कागदावर. रागाला पत्ता होता.

गळती सुरू झाल्यावर काही दिवसांतच 'गेट ऑइल आउट' ही संघटना उभी राहिली. अर्थ सरळ: तेल हटवा. आद्याक्षरं जोडली की होतं 'गू', आणि इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट घाण. (मराठीत काय होतो ते सांगायला नकोच. आपल्याकडे हे नाव जास्तच समर्पक ठरलं असतं!) बड बॉटम्स नावाचे कलाकार, आल्विन वाइनगंड नावाचे माजी राज्य सिनेटर, लोइस सायडनबर्ग या समाजसेविका, ही त्यातली पुढची मंडळी. म्हणजे झोळीवाले तरुण नव्हेत; गावातली सुखवस्तू, प्रतिष्ठित, बरीचशी रिपब्लिकन पक्षाला मत देणारी माणसं. त्यांनी सह्यांची मोहीम काढली, ती लाखाच्या घरात गेली. लोकांना सांगितलं, गाडी कमी चालवा, पेट्रोल कंपन्यांची क्रेडिट कार्डं जाळा, त्यांच्या पंपांवर जाऊ नका. नोव्हेंबर १९६९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचा नवा प्लॅटफॉर्म उभा करायला सुरुवात झाली, तेव्हा लोक छोट्या होड्या घेऊन त्या जागी मासे धरायला जाऊन बसले. आपल्या भाषेत, समुद्रातलं ठिय्या आंदोलन.

युनियन ऑइलचे अध्यक्ष फ्रेड हार्टली सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेले. वर्तमानपत्रांत छापून आलं की 'चार पक्षी मेले त्याचा केवढा गाजावाजा' अशा अर्थाचं ते बोलले. देशभर संताप. प्रत्यक्ष नोंदीतलं वाक्य जरा वेगळं होतं. माणसं मरतात त्याच्या तुलनेत पक्षी मेल्याला केवढी प्रसिद्धी मिळते याचं मला नवल वाटतं, असा त्याचा आशय. हार्टलींनी खुलासा केला, पण तो कोण वाचतो? छापलेलं वाक्य त्यांना जन्मभर चिकटलं. त्यांच्यावर थोडा अन्याय झाला हे मान्य करायला हवं. पण खरं वाक्य वाचूनही एक प्रश्न उरतोच: पक्ष्यांना मोजायचं नाही तर मग नक्की काय मोजायचं? समुद्राच्या नुकसानीचा रकाना त्या वेळी कुठल्याच हिशोबाच्या वहीत नव्हता. भांडण खरं तर त्या रकान्यासाठी होतं.

मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः आले. त्यांच्यासाठी किनाऱ्याचा एक तुकडा चकाचक करून ठेवला होता. (मंत्री येणार म्हणून रात्रीतून डांबरी रस्ता करायची कला ही फक्त आपलीच मक्तेदारी आहे, असा माझा समज होता. तो गेला.) या घटनेने अमेरिकन जनतेची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आहे, अशा अर्थाचं ते बोलले. आंदोलकांना वाटलं, जिंकलो.

कसलं काय! नवे गृहमंत्री वॉल्टर हिकल यांनी खणणं थांबवलं खरं, आणि गळतीच्या सफाईची जबाबदारी कंपनीचीच, चूक सिद्ध होवो न होवो, असा कडक नियमही आणला. पण मग सरकारच्या तज्ज्ञ समितीने अहवाल दिला: खालचा दाब कमी करायचा तर तेल काढूनच घ्यावं लागेल, म्हणून त्याच जागी आणखी विहिरी खणा! कदाचित अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण समितीने ज्या माहितीवर निष्कर्ष काढला, ती बरीचशी कंपन्यांकडची होती आणि गुप्त होती. गावाला ती बघायला मिळेना. त्याहून कडेलोट म्हणजे, राज्य सरकारचे वकील खटल्यासाठी पेट्रोलियमचे तज्ज्ञ शोधू लागले तेव्हा विद्यापीठांतले प्राध्यापक साक्ष द्यायला कचरले. कारण त्यांच्या संशोधनाला पैसा कोणाचा? तेल कंपन्यांचा.

तिथल्याच विद्यापीठात हार्वी मोलोच नावाचे तरुण समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७० साली यावर एक निबंध लिहिला, तो आजही शिकवला जातो. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: गरीब माणसाला सत्ता कशी चालते हे रोजच्या ठेचांतून माहीत असतं. सांता बार्बराच्या श्रीमंत, शिकलेल्या लोकांना ते पहिल्यांदाच कळलं. आपण अर्ज केला की ऐकलं जातं, अशी आयुष्यभराची सवय असलेल्या माणसांना अचानक दिसलं की माहिती कंपनीकडे, तज्ज्ञ कंपनीकडे, निर्णय वॉशिंग्टनकडे, आणि आपल्याकडे फक्त किनारा. तोही काळा.

मला वाटतं सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग आहे. हेच तेल एखाद्या गरीब वस्तीसमोर आलं असतं तर? देशाने इतकं ऐकलं असतं का? मला नाही वाटत. अमेरिकेतच कारखान्यांच्या आणि रिफायनऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्या वस्त्या तेव्हाही होत्याच, त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्ष वाळूत चालले नाहीत. पण त्याचबरोबर हेही खरं की ज्यांचं ऐकलं जातं अशा लोकांनी तो आवाज वापरला आणि त्यातून जे निघालं ते फक्त त्यांच्या किनाऱ्यापुरतं राहिलं नाही.

काय निघालं? ऑगस्ट १९६९ मध्ये विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन सांता बार्बराला येऊन किनारा बघून गेले. परतीच्या प्रवासात त्यांनी कॉलेजांमधल्या व्हिएतनामविरोधी 'टीच-इन'बद्दल वाचलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, हेच पर्यावरणासाठी का करू नये? २२ एप्रिल १९७० ला पहिला वसुंधरा दिन झाला, त्याचं मूळ हे. डेनिस हेज नावाच्या पंचविशीतल्या पोराने तो देशभर उभा केला. दोन कोटी लोक सहभागी झाले असं सांगतात. नेल्सन डेमोक्रॅट, आणि त्यांच्या जोडीला सहअध्यक्ष म्हणून पीट मॅक्लॉस्की हे रिपब्लिकन खासदार! आज अमेरिकेतलं राजकारण बघितलं की यावर विश्वास बसत नाही.

त्याच्या आधी, १ जानेवारी १९७० ला, निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली होती. गळतीनंतर महिन्याभरात सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी त्याचं विधेयक मांडलं होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं श्रेय एका गळतीला देता येणार नाही. रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ चं, आणि जून १९६९ मध्ये ओहायोतल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट कचऱ्याला आग लागली, तीही गाजली. लाकडं आधीच रचलेली होती, सांता बार्बराने काडी लावली.

या कायद्यात एक छोटंसं कलम आहे. सरकारने कुठलाही मोठा प्रकल्प करण्यापूर्वी किंवा त्याला परवानगी देण्यापूर्वी, त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल आणि दुसरे पर्याय कोणते, हे सविस्तर लिहून काढायचं. बस, एवढंच. प्रकल्प करू नका असं ते म्हणत नाही. फक्त म्हणतं: आधी लिहा, आणि लोकांना दाखवा. मंजुरीच्या वेळी बहुतेकांना त्यात विशेष काही वाटलं नसावं. पण १९७१ मध्ये कॅल्व्हर्ट क्लिफ्स इथल्या अणुवीज प्रकल्पाच्या खटल्यात न्यायालयाने बजावलं की हे कलम शोभेचं नाही, खात्यांनी ते खरोखर पाळलं पाहिजे. आणि बघता बघता नागरिकांच्या हातात एक हत्यार आलं. सांता बार्बराच्या लोकांना जे मिळालं नव्हतं नेमकं तेच: माहिती, आणि निर्णयाच्या आधी बोलायचा हक्क.

कॅलिफोर्नियाने १९७० मध्येच स्वतःचा असाच कायदा केला, आणि १९७२ मध्ये मतदारांनी थेट कौल देऊन किनारपट्टीसाठी स्वतंत्र आयोग आणला. १९६९ नंतर राज्याच्या ताब्यातल्या समुद्रात तेलासाठी एकही नवा पट्टा दिला गेला नाही. गावातल्या विद्यापीठाने १९७० मध्ये पर्यावरण अभ्यासाचा विभाग सुरू केला.

आणि प्लॅटफॉर्म ए? तो तिथेच आहे. स्वच्छ दिवशी किनाऱ्यावरून दिसतो. 'तेल हटवा' म्हणणाऱ्यांनी जगभरातले कायदे हलवले, पण समोरचा तो सांगाडा काही त्यांना हलवता आला नाही. एवढंच नव्हे, तर १९ मे २०१५ ला त्याच काउंटीत रेफ्युजिओ किनाऱ्याजवळ गंजलेली पाइपलाइन फुटली आणि पुन्हा तेल समुद्रात गेलं. २०१८ मध्ये ज्युरीने त्या पाइपलाइन कंपनीला गुन्हेगार ठरवलं. कायदा असूनही पाइप गंजतोच. फरक इतकाच की आता जाब विचारायला जागा आहे.

आता रत्नागिरी.

ही 'आधी लिहा, मग करा'ची कल्पना अनेक देशांनी उचलली. भारतात भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९९४ मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना निघाली आणि १९९७ मध्ये जनसुनावणी सक्तीची झाली. कोकणात मांडव घालून, पोलीस बंदोबस्तात, माइकवरून भांडणं होत ज्या 'जनसुनावण्या' होतात ना, त्यांचं खापरपणजोबांचं घर सांता बार्बराच्या त्या काळ्या किनाऱ्यावर आहे. हे मला माहीत नव्हतं.

पण वाचता वाचता हेही समोर आलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी असाच एक परिणाम अहवाल तयार झाला होता, आणि २००० च्या दशकात उघड झालं की त्यातले उतारेच्या उतारे रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेले होते. कॉपी-पेस्ट! कोकणातल्या डोंगराचं भवितव्य रशियातल्या जंगलाच्या वर्णनावरून ठरणार होतं. ते पकडलं कोणी? अहवाल मुळात उघड होता म्हणून तो कोणीतरी बसून वाचला, म्हणून पकडलं गेलं.

मुंबईचंही बघा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, सुमारे ८०० टन तेल सांडलं, अलिबाग-उरणपासून खारफुटी काळी झाली. पुढच्याच वर्षी ४ ऑगस्टला कोळसा घेऊन जाणारं एमव्ही राक बुडालं आणि त्यातूनही तेल आलं. दुसऱ्या प्रकरणात मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला आणि २०१६ मध्ये लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. एक माणूस, एक अर्ज, पाच वर्षं. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मला नव्हतं. चित्राच्या वेळचे तरंगणारे कंटेनर तेवढे आठवतात, टीव्हीवर पाहिलेले.

हे सगळं लिहिताना मी काही फार मोठा पर्यावरणवादी असल्याचा आव आणत नाहीये. सांता बार्बराला आम्ही गाडीनेच गेलो होतो, पेट्रोल जाळत. 'गू'वाल्या मंडळींनाही लोक तेव्हा हेच सुनवायचे: गाडी चालवता आणि तेल नको म्हणता? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर 'म्हणून गप्प बसा' असं होत नाही. तेल वापरणाऱ्यालाच तर विचारायचा हक्क आहे की माझ्यासाठी म्हणून जे काढताय, ते ३०० फुटांच्या नळकांड्यातून काढताय की २४० च्या? ती ६० फुटांची सूट कोणी मागितली, कोणी दिली, आणि ती देताना समोरच्या गावाला कोणी विचारलं का?

परत आल्यावर ऑफिसात मी एक केलं. फार काही नाही. आमच्या टीमच्या रिलीजच्या फॉर्ममध्ये 'सूट' असा रकाना असतो, तिथे आम्ही नुसतं 'हो' लिहायचो. आता तिथे सूट का मागितली, आणि चुकलं तर कोणाला भोगावं लागेल, अशा दोन ओळी लिहायला लावतो. पोरं वैतागतात. पण गेल्या दोन महिन्यांत दोनदा असं झालं की दुसरी ओळ लिहिता लिहिता मागणाऱ्याने स्वतःच सूट मागे घेतली.

चपलेच्या तळाला लागलेलं ते डांबर मात्र अजून निघालेलं नाही. बेबी ऑइल संपलं. असो.